शिशाची लगड आणि धान्याची वखार

व्यापाऱ्याच्या घरी सोन्यारुप्याचे कौतुक फार होते, शिशाचे नाव मात्र कोणी काढीत नाही. वस्तुतः ज्या धातूने आमच्या सचोटीची साक्ष पिढ्यान्‌पिढ्या दिली, तो धातू शिसेच होय. ओतीव लोखंडाचे कोणतेही वजन उलटे करून पाहावे. त्याच्या बुडाशी एक भोक असते व ते शिशाने भरलेले असते. लोखंड ओतताना वजन किंचित हलके ठेवावयाचे, मग त्या भोकात शिसे भरून ते बरोबर करावयाचे आणि त्या मऊ शिशावर सरकारी निरीक्षकाने ठसा मारावयाचा, अशी ही रीत आहे. 1 एप्रिल 1962 पासून शेर-मणाची वजने कायद्याने गेली आणि किलोग्रॅम आला, तरी नव्या वजनांच्या पोटातील शिसे कायमच राहिले. 2009 च्या वैधमापन कायद्याखालील नियमांनुसार वजनांची दर दोन वर्षांनी तपासणी व्हावी लागते. तो ठसा व ते शिसे यांस हात लावण्याचा अधिकार दुकानदारास नाही.

शिशाचे हे नाते फार जुने आहे. सातवाहन राजांनी शिशाची नाणी पाडली. कोल्हापूर परिसरात सत्ता असलेल्या कुर राजांचीही शिशाची नाणी सापडलेली आहेत. मालाच्या वाघिणीस लावावयाचे सील शिशाचे असे. मऊ, जड, न गंजणारा आणि थोडक्या विस्तवावर पाण्यासारखा होणारा हा धातू माणसाला नेहमीच सोयीचा वाटत आला आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र नाणी वा वजने हा नाही. भंगारातील शिसे उघड्यावर, गॅसच्या शेगडीवर वितळवून त्याच्या लगडी ओतण्याचा जो उद्योग आज वखारींच्या आसपासही दिसू लागला आहे, त्याविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. वखारीमागील मोकळे आवार या कामासाठी भाड्याने द्यावे काय, असे काही सभासद बंधूंनी आम्हांस विचारले आहे. भाडे बरे मिळते, जागा रिकामी पडलेली असते आणि मागणारा मनुष्य गरीब व कष्टाळू असतो. अशा वेळी केवळ ‘नको’ म्हणून चालत नाही, तर ‘का नको’ हेही सांगावे लागते.

काम सोपे, म्हणूनच अवघड

ही शेगडी अमेरिकेत घरोघरी आढळते. लोखंडी चौकटीवर बसविलेला मोठा बर्नर, त्यास रबरी नळीने जोडलेले प्रोपेनचे सिलिंडर, आणि वर भले थोरले पातेले, असे तिचे स्वरूप असते. अंगणातील जेवणावळींसाठी ती विकली जाते. परंतु तेथील हौशी लोक तिच्यावर मोटारीच्या चाकांना लावावयाची शिशाची वजने, जुने नळ, छपरावरील पत्रे इत्यादी भंगार वितळवितात आणि केकच्या साच्यांत ओतून लगडी करून ठेवतात. या लगडींपासून पुढे बहुधा बंदुकीच्या गोळ्या किंवा मासेमारीचे गळ बुडविणारी वजने होतात. आमच्याकडे आचाऱ्यांच्या मंडपात दिसणारी गॅसची भट्टी हे त्याच शेगडीचे भावंड होय. आमच्या सिलिंडरात प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतो, एवढाच काय तो फरक.

शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते. तांब्यास त्यासाठी 1085 अंश लागतात. याहूनही नवलाची गोष्ट अशी की, 1 लिटर पाण्यास उकळी आणण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे पाचव्या हिश्शात 1 किलो शिसे वितळून जाते. यास भाता लागत नाही, मूस लागत नाही, कारागिरीही लागत नाही. ज्यास चहा करता येतो, त्यास शिसे वितळविता येते. आणि येथेच खरी मेख आहे. जे काम अवघड असते, ते शिकलेला मनुष्य करतो आणि शिकताना त्यातील धोकेही शिकतो. जे काम सोपे असते, ते कोणीही कोठेही करू लागतो.

आम्ही अशी एक शेगडी जवळून पाहिली आहे. स्वच्छ शिसे वितळले म्हणजे पाऱ्यासारखे चकाकते, पण क्षणात त्यावर राखी साय धरते. तीत मेणाचा तुकडा किंवा लाकडाचा भुसा टाकून लांब दांड्याच्या पळीने ढवळतात. त्यामुळे सायीतील काही धातू पुन्हा खाली जातो, आणि माती, लोखंडी आकडे, जळका रंग असे सारे वर तरंगते. ते झाऱ्याने काढले म्हणजे मागे राहते ती मळी. नंतर पळीपळीने शिसे लोखंडी साच्यांत ओततात. लगड काही मिनिटांत आळते व साचा उलटा करताच खणकन खाली पडते. पाहणाऱ्यास यात भीतीचे असे काही दिसत नाही.

जाणत्या मनुष्यास मात्र ठाऊक असते की, यात पाणी हा पहिला वैरी आहे. ओलसर तुकडा वितळलेल्या शिशाखाली गेला की त्यातील पाण्याची क्षणार्धात वाफ होते. वाफ पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा मागते आणि ती मिळविण्यासाठी सारे शिसे भांड्याबाहेर उडविते. पावसाळी हवेत उघड्यावर हे काम करणे म्हणजे आगीशी पैज लावणे होय. दुसरा वैरी भांडे. 1 लिटर शिशाचे वजन 11 किलोहून अधिक भरते, म्हणून 5 लिटरच्या पातेल्यात अर्ध्या पोत्याहून जास्त भार होतो. ॲल्युमिनियमचे पातेले वा घरगुती शेगडीचे पाय त्यासाठी केलेले नसतात. तिसरा वैरी अति आच. भांड्यातील उष्णता 350 ते 400 अंशांच्या आत राखली तर धूर थोडा निघतो. शिवाय चाकांच्या वजनांत मिसळलेली जस्ताची वजने 419 अंशांपर्यंत वितळत नाहीत, तरंगत राहतात, व ती वेचून काढता येतात. परंतु उष्णतामापक न ठेवता, लवकर काम उरकण्यासाठी आच वाढविणारा मनुष्य जस्तही वितळवून माल बिघडवितो आणि शिशाचा धूरही छातीत भरून घेतो.

चौथा वैरी सर्वांत वाईट, तो म्हणजे जुन्या मोटारबॅटऱ्या. त्यांच्या पट्ट्यांत शुद्ध शिसे थोडे व गंधकयुक्त लेप फार असतो, आम्लही असते. काही पट्ट्यांत अँटिमनी व अर्सेनिक मिसळलेले असते आणि त्यांची मळी ओली झाल्यास जीवघेणे वायू निघू शकतात. बॅटरी उघड्या शेगडीवर कधीही वितळवू नये, हे अमेरिकेतील हौशी मंडळीही एकमेकांस बजावीत असतात. आमच्याकडे 2001 च्या व त्यांची जागा घेणाऱ्या 2022 च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत कारखान्याकडेच जावयास हव्यात. तरीही भंगाराच्या ढिगात सर्वांत जास्त शिसे बॅटरीचेच असते, आणि भाड्याने घेतलेल्या आवारात शेवटी येते तेही तेच.

एका दाण्याचा हिशेब

हे धोके शेगडीपाशी उभ्या असलेल्या मनुष्याचे झाले. त्याने ते समजून स्वीकारले, असे एक वेळ म्हणता येईल. परंतु शिशाचा खरा उपद्रव शेगडी विझल्यानंतर सुरू होतो. मळीची पूड पिठासारखी बारीक असते. ती झाडताना उडते, चपलांना चिकटते, अंगरख्याच्या घड्यांत बसते व घरी जाते. तिला वास नाही, चव असलीच तर किंचित गोड. आणि ती कुजत नाही, उन्हाने मरत नाही, पावसाने धुतली तरी मातीतच राहते. शिशाचा नाश होण्यास कोणतीही मुदत नाही.

ती किती असली म्हणजे वाईट, हे आम्ही धान्यवाल्यांच्या भाषेत मांडून पाहिले. खाद्यपदार्थांची जागतिक मानके ठरविणाऱ्या कोडेक्स संस्थेने तृणधान्यांत 1 किलोस 0.2 मिलिग्रॅम ही शिशाची कमाल मर्यादा घातली आहे. 1 क्विंटलास हे प्रमाण 20 मिलिग्रॅम होते. तांदळाच्या एका दाण्याचे वजन साधारण तेवढेच भरते. म्हणजे 1 क्विंटल धान्यात तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाइतके शिसे पसरले, की तो माल मर्यादेच्या काठावर आला! आम्ही ज्या व्यापारात क्विंटलामागे किलोभर माती-खड्याची घासाघीस करतो, तेथे हा हिशेब डोळ्यांस दिसणारही नाही.

मुलाच्या देहाचा हिशेब याहून बारीक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार 1 डेसिलिटर रक्तात 5 मायक्रोग्रॅम शिसे आढळले, तर ते कोठून आले हे शोधून काढून तो संपर्क तोडावयास हवा. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या अंगात सुमारे 1 लिटर रक्त असते. त्या साऱ्या रक्तात मिळून हे शिसे 50 मायक्रोग्रॅम होते, म्हणजे तांदळाच्या त्याच दाण्याचा चारशेवा हिस्सा. आणि यापेक्षा कमी शिसे निरुपद्रवी, असेही नाही, कारण सुरक्षित म्हणता येईल असे कोणतेही प्रमाण आजवर आढळलेले नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या अंगी जितके लागते, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या अंगी लागते. ते त्याच्या बुद्धीची वाढ खुंटविते व स्वभाव बिघडविते. ते हाडांत साठून राहते आणि मुलगी मोठी होऊन गर्भवती झाली, की हाडांतून निघून पोटातील बाळापर्यंत पोहोचते. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात या पातळीइतके वा अधिक शिसे असल्याचा अंदाज दिला आहे. त्यांतील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील आहेत. पेट्रोलमधील शिसे आमच्या देशात 2000 साली बंद झाले. आता जे उरले, त्यात बॅटऱ्यांच्या उघड्या भट्ट्यांचा वाटा मोठा आहे.

वखारीच्या आवारात मुले नसतात, असे कोण म्हणेल? धान्य पाखडणाऱ्या व निवडणाऱ्या बायांची तान्ही मुले पोत्यांच्या थप्पीच्या सावलीत झोळीत निजलेली असतात. रांगती मुले सांडलेले दाणे वेचून तोंडात घालतात. हमालांची मुले शाळा सुटल्यावर तेथेच खेळतात. ही मुले आमच्या जमाखर्चात कोठेच नाहीत, पण आमच्या अंगणात मात्र आहेत.

दूरदेशची तीन उदाहरणे

यात अतिशयोक्ती वाटू नये म्हणून घडलेल्या तीन गोष्टी सांगतो.

आफ्रिकेतील सेनेगल देशात डाकार शहराला लागून थियारोय-सुर-मेर ही वस्ती आहे. तेथे वर्षानुवर्षे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढीत. पुढे त्या मातीतील शिशास भाव आला, तेव्हा लोक माती खणून, चाळून, पोत्यांत भरून विकू लागले. बाया हे काम मुलांना जवळ घेऊन करीत. नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या पाच महिन्यांत तेथे 18 मुले दगावली. एवढे होईपर्यंत रोग कोणता, हेच कोणास उमगले नव्हते.

नायजेरियातील झाम्फारा प्रांतात 2010 साली सोन्याच्या लोभाने खनिज दगड दळले गेले, आणि ते दळले गेले धान्याच्या पिठासाठी बनविलेल्या गिरण्यांतून. त्या दगडात शिसे भरपूर होते. चारशेहून अधिक मुले मृत्यू पावली असे मानले जाते. यंत्र एक आणि माल दोन, एवढ्यातूनच अनर्थ झाला.

तिसरी गोष्ट तर थेट पिठाची. जॉर्डन नदीच्या पश्चिम तीरावरील खेड्यांत 1980 च्या दशकाच्या प्रारंभी कुटुंबेच्या कुटुंबे पोटशूळ व पंडुरोगाने आजारी पडली. शोध घेता गावच्या गिरणीत मूळ सापडले. जात्याचा दगड व त्यात बसविलेला लोखंडी भाग यांमधील फट वितळलेले शिसे ओतून भरलेली होती. दळताना ते झिजून पिठात उतरत होते. ओतणाऱ्याच्या मनात कोणतेही पाप नव्हते, त्यास ते काम सोपे व मजबूत वाटले, एवढेच.

या तिन्ही ठिकाणी पोते, गिरणी आणि पीठ आहे. शिसे व धान्य एकमेकांच्या जवळ येण्यास दुष्ट बुद्धी लागत नाही, निष्काळजीपणा पुरतो. आमच्या बाजारात हे जवळ येणे कसे घडेल, ते बारदानाच्या व्यापाऱ्यास विचारावे. ज्या तागाच्या पोत्यातून आज शिशाची मळी गेली, तेच पोते झटकून, शिवून उद्या बारदानात परत येऊ शकते. ज्या काट्यावर सकाळी लगडी तोलल्या, त्यावरच दुपारी सुटे धान्य ओतले जाऊ शकते. ज्या भट्टीवर व कढईत शिसे वितळले, ती लग्नसराईत आचाऱ्याकडे भाड्याने जाऊ शकते. शिशाचे भांडे घासून अन्नाचे होत नाही, हे पक्के ध्यानी धरावे.

धर्माची बाजू आणि पोटाची बाजू

आपल्या आचारशास्त्राने गृहस्थाला व्यापार वर्ज्य केलेला नाही, व्यापाराची निवड मात्र करावयास सांगितले आहे. आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात पंधरा कर्मादानांची जी यादी आहे, तीत भट्टीवर चालणाऱ्या धंद्यांना अंगारकर्म म्हटले आहे व विषाचा व्यापार वेगळा सांगितला आहे. दिगंबर परंपरेत समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार दिले आहेत. त्यांपैकी हिंसादान म्हणजे ज्याने जीवहानी होईल अशी शस्त्रे, अग्नी, विष इत्यादी वस्तू दुसऱ्यास पुरविणे. प्रमादचर्या म्हणजे माती, पाणी, अग्नी, वारा यांची बेफिकिरीने व विनाकारण नासधूस करणे. आम्हांस असे वाटते की, जाणूनबुजून अशा कामास जागा देणे हे यांपैकी पहिल्याच्या फार जवळ जाते. भाडे घेणारा ‘मी शेगडी पेटविली नाही’ असे म्हणू शकतो, पण अग्नी पुरविणाऱ्यासही दोष लागतो, असेच शास्त्र सांगते.

तथापि, शिसे वितळविणाऱ्यास पापी ठरवून हात झटकणे हा न्याय नव्हे. शिसे पुनःपुन्हा वितळवून वापरता येते. भंगारातील शिसे परत उपयोगात आले नाही, तर तेवढेच खाणीतून काढावे लागेल. आपल्या मोटारी, पेढीतील इन्व्हर्टर, वखारीतील वीज गेल्यावरचे दिवे, सारे शिशाच्या बॅटरीवरच चालतात. तेव्हा हे काम जगास हवे आहे. प्रश्न ते कोठे व कसे व्हावे, एवढाच आहे. धूर ओढून गाळणारी यंत्रणा, फरशीबंद जमीन, कामगारांसाठी स्नानाची सोय व वेगळे कपडे, त्यांच्या रक्ताची नियमित तपासणी, हे सर्व ज्या नोंदणीकृत कारखान्यात होऊ शकते, तेथेच ते व्हावे. गरिबाच्या पोटाच्या नावाखाली त्याच गरिबाच्या मुलास विष चारणे ही दया नव्हे. त्यास काम हवे असेल, तर भंगार गोळा करणे, निवडणे, तोलून कारखान्यास पोहोचविणे यांतही पोट भरते. त्यासाठी लागणारे भांडवल व ओळख देण्यास आपण व्यापारी समर्थ आहोत.

सभासदांस विनंती

यास्तव आम्ही आपल्या व्यापारी बंधूंपुढे काही गोष्टी विचारार्थ ठेवीत आहोत. पहिली, धान्याची वखार, गिरणी वा बारदानाची कोठी यांच्या आवारात शिसे वितळविण्यास कोणीही जागा देऊ नये, आणि भाडेपत्रातच तसे कलम घालावे. तोंडी ताकीद काही दिवसांनी विसरली जाते. दुसरी, आपल्या पेढीतील जुनी बॅटरी फेरीवाल्या भंगारवाल्यास चार पैसे जास्त मिळतात म्हणून देऊ नये, नवी घेताना विक्रेत्याकडे परत करावी व पावती घ्यावी. तिसरी, बारदान घेताना ते पूर्वी कशासाठी वापरले होते, याची चौकशी करावी, व ज्याचा उगम कळत नाही ते खाद्यधान्यास वापरू नये. चौथी, जुनी लोखंडी वजने मोडीत काढावयाची असल्यास त्यांतील शिसे घरी वितळवून काढू नये. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे ती द्यावी. पाचवी, ज्या आवारात पूर्वी असे काम झाल्याचा संशय असेल, तेथील माती कोरडी झाडू नये. ती ओली करून, जाणत्या मनुष्याच्या सल्ल्याने काढवावी, आणि तेथे वावरणाऱ्या मुलांचे रक्त तपासून घ्यावे. हा खर्च मालकाने करावा. महिन्याच्या भाड्याच्या मानाने तो फार नाही.

गॅसविषयीही एक सूचना करणे अवश्य आहे. 14.2 किलोचे घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरणे कायद्याने मना आहे. तसेच हा वायू हवेहून जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो व सखल जागी साठतो. तागाची पोती, भुसा व धान्याची धूळ जेथे आहे, तेथे उघडी शेगडी कोणत्याही कामासाठी पेटवू देऊ नये.

वजनाच्या पोटातील शिसे दिसत नाही, तरी गिऱ्हाइकाचा त्यावर विश्वास असतो, कारण त्यावर ठसा आहे. धान्यातील शिसेही दिसत नाही, आणि तेथे कोणाचाही ठसा नाही. तेथे गिऱ्हाइकाचा विश्वास केवळ आपल्यावर आहे. रिकाम्या आवाराचे भाडे किती येते, हे प्रत्येकाने आपापल्या वहीत पाहावे, आणि मग त्या आवारात कोणाची मुले खेळतात, हेही एकदा पाहून यावे.